गासडी उघडण्यापूर्वी

ब्रॅडफर्ड. मेथडिस्ट चर्चमागचा हॉल.
हीटर एकाच बाजूचा चालू,
म्हणून आम्ही अकराही जण त्याच बाजूला.
मी सरकारकडून आलेली. माझ्याजवळ यादी,
यादीत सोळा जुने नियम,
प्रत्येकापुढे एकच शब्द: निरसित.

समजावून सांगते, आता पाठच झालंय:
नवा कायदा या सगळ्यांना पोटात घेतो.
'घातक जैविक घटक' म्हटलं की त्यात सगळं आलं,
प्रयोगशाळा, कत्तलखाने, सांडपाणी,
इस्पितळातल्या चादरी.
जुने काढले म्हणून कुणाचं संरक्षण
तसूभरही कमी होत नाही.
हे खरं आहे. मी खोटं बोलत नाहीये.
तरी घसा खाकरावा लागतो.

"तो सातवा वाचा ना,"
मेरियल सटक्लिफ म्हणते.
वय एक्याऐंशी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

वाचते:
व्हानचे मोहेर, इराणी लोकर, अल्पाका, उंटाचे केस
यांची गासडी भिजवल्याखेरीज उघडू नये.
निवडीचे टेबल जाळीचे असावे, खाली पंखा,
वारा खाली ओढणारा, तोंडाकडे येणारा नव्हे.
हातावर वा मानेवर उघडी जखम असलेल्याने
लोकरीस शिवू नये.
निवडीच्या खोलीत खाणे आणू नये,
कोट टांगू नये.

केवढी ओळखदेख होती या कायद्याला!
गासड्या कुठल्या बंदरातून येतात,
माणूस न्याहारी कुठे ठेवतो,
घाईत दाढी करताना कुठे कापतं.
नव्याला यातलं काही माहीत नाही.
तो फक्त सगळ्यांना लागू आहे.

"माझे आजोबा एनोक," मेरियल सांगते,
"मी पाहिले नाहीत, आईकडून ऐकलंय.
सोमवारी मानेवर पुळी आली. खाजायची, दुखायची नाही.
मधोमध काळी, कोळशाचा कण रुतावा तशी.
आजी म्हणाली, अळशीचं पोटीस बांधू.
शुक्रवारी त्यांचे बूट
माझ्या मामाला बसतात का, ते पाहिलं.
मग नियम आला."

काळपुळी. मी टिपून घेते.
कुठल्या रकान्यात, ते कळत नाही.

करामत हुसेन इतका वेळ हीटरकडे हात धरून.
मीरपूरहून आला तो थेट रात्रपाळीला,
कंगव्याच्या यंत्रावर एकवीस वर्षं.
"फलक होता भिंतीला. इंग्रजीत.
आम्हाला वाचता कुठे येत होतं?
खिळा मात्र मजबूत होता त्याचा,
आम्ही त्याला रोटीच्या पिशव्या अडकवायचो."
तो हसतो. मग एकदम थांबतो.
खाणे आणू नये, हे त्याने आत्ताच ऐकलंय,
इतक्या वर्षांनी.

गिरणीत आता फ्लॅट झालेत.
पंख्यांच्या भोकांना गोल खिडक्या,
त्याचे वेगळे पैसे.
तिथे राहणारा एक तरुण विचारतो,
मागे बाग करायची आहे,
मातीत अजून काही असेल का?
बीजाणू फार काळ निजून राहतात, मी म्हणते.
पण तो विषय या यादीत नाही.
तो दुसऱ्या खात्याकडे.

हरकत?
कुणाचीच नाही.
"आजार गेला, आता कायदाही जाऊ दे,
म्हातारपणाने गेलेला बरा," मेरियल म्हणते.
"फक्त एक विचारू? रद्द होताना
तिकडे कुणी उभं राहतं का?"
नाही, मी म्हणते. छापून येतं.

खुर्च्या एकीत एक घालताना
करामत तिच्या वाटच्याही उचलतो.
मी सोळा सह्यांचे कागद गोळा करते,
कडेने बोट कापलेलं, सकाळचंच,
वर पट्टी.
निघताना मेरियल हात हातात घेते,
सोडत नाही. उलटा करते,
चष्मा कपाळावर सरकवून बघते,
"उघडी नाही ना?"